ओढणीवरून हजेरी

देवासला मे महिन्यात मुलींना चेहरे नसतात. सकाळी नऊ वाजल्यापासून रस्त्यावरची प्रत्येक मुलगी डोकं, कपाळ, नाक, तोंड, मान असं सगळं ओढणीत गुंडाळून, वर गॉगल चढवून आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून हिंडत असते. बाहेरगावचे पाहुणे पहिल्यांदा दचकतात. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. ऊन लागू नये, रंग काळवंडू नये आणि खरं सांगायचं तर आपण कुठे चाललोय ते नाक्यावरच्या काकांना कळू नये, एवढी कारणं पुरतात. मग आम्ही एकमेकींना ओळखतो ते ओढणीवरून.

माझी ओढणी बाग प्रिंटची होती. धारच्या मामाने ती तिकडच्या बाग गावाहूनच आणली होती. पांढऱ्यावर लाल-काळी फुलं, आणि एका कोपऱ्यात एकच फूल उलटं छापलेलं. छापणाऱ्याचा हात चुकला असणार. मामा म्हणाला की चुकलेलं फूल असलं म्हणजे ओढणी हरवत नाही, ओळखू येते. तशी दुसरी ओढणी देवासमध्ये कुणाकडे नव्हती, आणि मला त्याचा बऱ्यापैकी गर्व होता.

अकरावी संपली होती. मला दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजात जायचं होतं. तिथे राहूनच शिकायचं, झाडं, जंगलं, प्रयोगशाळा, सगळं आवारातच. ते कॉलेज नुसत्या मार्कांवर कुणाला घेत नसे. अर्जात एक अख्खं पान होतं: उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही काय शिकलात, कोणाकडे शिकलात, आणि ते शिकवणारे तुमच्याबद्दल काय म्हणतात. आई शाळेत शिक्षिका. तिने ते पान वाचून चष्मा काढला आणि म्हणाली की आमच्या वेळी उन्हाळ्यात फक्त पापड शिकायचे असत.

म्हणून मी सरांच्या उन्हाळी वर्गाला गेले. सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. देवीच्या टेकरीखालची एक शाळा सुट्टीत बंद असायची, तिची प्रयोगशाळा त्यांना तीन आठवडे मिळायची. सकाळी आठ ते बारा. त्यांच्या प्रमाणपत्राला त्या कॉलेजात वजन होतं, आणि त्याहून वजन होतं त्यांच्या शिफारसपत्राला. कॉलेजचा नियम असा की एका उन्हाळी वर्गातून एकच शिफारसपत्र चालेल. तीस मुली आणि एक पत्र.

ते पत्र कुणाला मिळणार हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळलं होतं. माझ्या शेजारी बसायची ती. तिचे वडील शिवणकाम करायचे आणि तिच्या बोटांत तोच गुण उतरला होता. देठाचा इतका पातळ काप ती ब्लेडने काढायची की काचेवर ठेवल्यावर आधी दिसतच नसे. सर सूक्ष्मदर्शकात बघायचे आणि काही न बोलता बाकीच्यांना बोलावून दाखवायचे. तिलाही त्याच कॉलेजात जायचं होतं. मी तिला रोज माझ्या स्कूटीवरून न्यायची-आणायची, आणि मनातल्या मनात रोज तिचा थोडा राग करायची. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं होतं.

सरांची हजेरीची पद्धत वेगळी होती. वर्गात हजेरी घेतली की मुली हजेरी लावून मधूनच पळतात, हा त्यांचा जुना अनुभव. म्हणून ते गेटपाशी लाकडी खुर्ची टाकून बसत आणि येताना एक, जाताना एक अशा दोन खुणा करत. उन्हात उभं करून मुलींना चेहरे सोडायला लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मग त्यांनी वहीत प्रत्येकीच्या नावापुढे पेन्सिलीने ओढणी लिहून ठेवली होती. कुणी मोरपंखी, कुणी चिंचेच्या रंगाची ठिपकेवाली, माझ्यापुढे ‘बाग, लाल-काळी’. ओढणी दिसली की खूण. एक दिवस जरी बुडाला तर प्रमाणपत्र नाही, यात मात्र ते कुणाचं ऐकत नसत.

आणि नेमकं दुसऱ्या आठवड्यात मामेबहिणीचं लग्न आलं, धारला. मी करवली. आमच्याकडे करवली नाही म्हणजे लग्नाला रुसवाच. आई म्हणाली की एक दिवस बुडाला तर काय आभाळ कोसळतंय का. तिला मी नियम सांगितला नाही, कारण तोपर्यंत मी उपाय काढला होता.

उपाय सोपा होता. शाळेला मागे एक दार होतं, गल्लीत उघडणारं. तिने आधी स्वतःच्या ओढणीत गेटमधून आत यायचं, मागच्या दाराने बाहेर पडायचं, गल्लीत माझी ओढणी बांधायची आणि वळसा घालून पुन्हा गेटमधून यायचं. सुटल्यावर पुन्हा तसंच. दोन मुली आल्या, दोन मुली गेल्या. तिने माझी ओढणी हातात घेतली, उलट्या फुलावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “बस एवढंच ना? हो जाएगा.” तिला नाही म्हणता येत नसे. हे मला ठाऊक होतं म्हणूनच मी तिला विचारलं होतं.

लग्न पार पडलं. मुहूर्त भर बाराचा होता. मी नवरीच्या मागे हातात दिवा घेऊन उभी होते, मंगलाष्टकं चालू होती, अक्षता उडत होत्या, असं मला आठवतं. मुद्दाम असं लिहिते आहे. तेव्हा तेवढंच आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने पातेल्यात दूध ओतता ओतता मला हात जोडले. म्हणाला, कल तो आपने जान बचा ली, बेटा. मला वाटलं तो दुसऱ्या कुणाला तरी म्हणतोय, म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग शाळेसमोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर ओढणीवरून विचारत घरी आला आणि त्याने सगळं सांगितलं, मला, मी काय केलं ते. बारा वाजता सगळ्या मुली निघून गेल्या. सर खुर्चीतच बसून होते, आणि तिथेच खाली कोसळले. ऊन लागलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी शाळेतून उशिरा बाहेर पडले, त्यांना ओढत निंबाच्या सावलीत नेलं, माठातलं सगळं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं, ओढणीचा पदर भिजवून कपाळावर धरला, ओरडून त्याला बोलावलं, एकशे आठला फोन लावला. अँब्युलन्स आली तेव्हा मी नव्हते. “तोंडसुद्धा नाही दाखवलं तुम्ही,” तो म्हणाला. “आजकाल तर लोक सेल्फी काढतात.”

हे कसं घडलं ते मला लगेच उमगलं. ती स्वतःच्या ओढणीत गेटबाहेर पडली, वळसा घालून गल्लीतून आत आली, माझी ओढणी बांधली आणि माझी म्हणून बाहेर जायला निघाली. तोवर सगळ्या गेल्या होत्या. सर खुर्चीवर थांबले होते ते फक्त एका खुणेसाठी. माझ्या.

म्हणजे माझ्या लबाडीपायी ते उन्हात बसून राहिले, आणि माझ्या लबाडीमुळेच वाचले. यातलं कोणतं अर्धं धरून बसावं हे मला आजही कळत नाही.

आई दारात उभी राहून कंपाउंडरचं बोलणं ऐकत होती. ती आदल्या दिवशी दिवसभर माझ्याबरोबर धारला होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, कारण ती शिक्षिका आहे आणि प्रॉक्सी म्हणजे काय ते तिला कुणी सांगायला नको. मला वाटलं आता माझी कानउघाडणी होणार. आई कंपाउंडरला म्हणाली, “मुळात वळणच तसं आहे हो तिचं.” आणि आत निघून गेली.

दुपारी ओढणी परत आली. धुतलेली, इस्त्री केलेली, चार घड्यांची. तिने ती दिली आणि आपल्याला घरी शिलाई उरकायची आहे असं सांगून निघाली. मी घडी उघडून नाकाशी नेली. साबणाच्या वासाखाली आवळ्याच्या तेलाचा वास होता. सर आवळ्याचं तेल लावत.

तीन दिवसांनी सर परत आले, पुन्हा खुर्चीवर. वर्गात त्यांनी मला उभं केलं. डोळे उघडले तेव्हा वर काय दिसलं ते त्यांनी सांगितलं: नुसते दोन डोळे, आणि त्यांच्याभोवती लाल-काळी फुलं, एक उलटं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती शेजारी बसून सूक्ष्मदर्शकात बघत होती. काचेवर काही ठेवलेलं नव्हतं, हे मला वरून दिसत होतं.

सुटल्यावर गल्लीत मी तिला म्हटलं की सांगून टाकूया. मी हे अशा आवाजात म्हटलं की तिने नको म्हणावं. “सांगितलं तर दोघींचं सर्टिफिकेट कॅन्सल होईल, यार,” ती म्हणाली. “एक तरी जाऊ दे.” मला किती हलकं वाटलं ते सांगायची लाज वाटते. मी तिला त्या दिवशी उसाचा रस पाजला.

पत्र मला मिळालं. बंद पाकिटात होतं, पण सरांनी ते पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं. त्यात माझ्या कापांविषयी एक ओळ होती आणि त्या दुपारविषयी दीड पान. ऐकता ऐकता मला ते दिसायला लागलं. आधी नुसतं दिसायचं, मग जाणवायला लागलं. मांडीवर डोक्याचं वजन. फरशीचा चटका गुडघ्याला. चष्म्याची एक काडी तुटून लोंबत होती. अर्जासोबतचा निबंध लिहायला बसले तेव्हा मी काही रचत होते असं मला वाटतच नव्हतं. मी आठवून लिहीत होते.

या सुमारास एकदा मी रिक्षातून शाळेवरून गेले. भर बारा वाजले होते. आमच्याकडे जुनी माणसं सांगतात की तिन्हीसांजेला आणि भर बाराला बाहेर पडू नये, त्या वेळी माणूस आपल्या सावलीवर पाय देऊन उभा असतो. रस्ता मोकळा होता. गेटपाशी बाग प्रिंटची ओढणी बांधलेली एक मुलगी आत शिरत होती. माझी उंची, माझी चाल. रिक्षा पुढे गेली. घरी येऊन मी कपाट उघडलं. ओढणी चार घड्या घालून जागेवर होती, आणि कडेला हात लावला तर कोमट लागली. कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे, भिंत तापते. मी तेव्हाही स्वतःला हेच सांगितलं.

मुलाखतीला तीन माणसं होती. त्यांनी कापांविषयी विचारलं, मी अडखळले. मग त्या दुपारविषयी विचारलं आणि मी घडाघडा बोलले. त्यातल्या बाईंनी शेवटी विचारलं, की ते शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाले. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. कंपाउंडर नंतर आला होता, सरांना आठवत नव्हतं, पत्रात ते नव्हतं. तरी माझं तोंड उघडलं आणि उत्तर बाहेर आलं. त्यांनी विचारलं, सगळ्या पोरी गेल्या का? मी म्हटलं, गेल्या सर, मीच शेवटची.

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. तिघांचे चेहरे मऊ झाले होते.

परत आल्यावर मी हे तिला सांगितलं. मला वाटलं ती हसेल, किंवा चिडेल. ती मशीनवर बसून कुणाच्या तरी ब्लाउजची बाही जोडत होती. तिचा पाय थांबला. “हो, हेच म्हणाले,” ती म्हणाली. “आणि मी पण हेच बोलले. पण मी कुणाला सांगितलं नव्हतं गं. तुला कसं कळलं?”

तिने पुन्हा मशीन चालू केली.

बारावी झाली आणि मला प्रवेश मिळाला. तिनेही अर्ज केला होता, पत्राशिवाय. तिला मुलाखतीलाच बोलावलं नाही. तिने देवासलाच बीएस्सीला नाव घातलं. निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेले आणि बाग प्रिंटची ओढणी तिच्या हातात ठेवली. द्यायला माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं. जे द्यायला हवं होतं ते देण्याची हिंमत नव्हती. तिने ती लगेच बांधून दाखवली, आरशात पाहिलं आणि मला म्हणाली की जा आता, गाडी चुकेल.

तीन वर्षं मी मे महिन्यात घरी गेले नाही. तिकडेही उन्हाळी वर्ग असतात, पुढच्या अर्जांना लागतात. कारण शोधायला त्रास पडला नाही. तिचा फोन यायचा. ती दर उन्हाळ्यात सरांच्या वर्गाला मदत करायला जायला लागली होती, नव्या मुलींना काप शिकवायची. सरांची नजर जवळजवळ गेली होती, आणि त्या दुपारनंतर विसरणंही वाढलं होतं. “ते मला तुझ्या नावाने हाक मारतात,” एकदा तिने हसत सांगितलं. दोनदा सांगून पाहिलं म्हणे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिने सोडून दिलं. माझ्या नावाला ती आता सरळ ओ देते. मीही हसले. फोन ठेवल्यावर मी माझं नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

या मे महिन्यात मात्र मी आले. आल्या दिवशी आईने मामेबहिणीच्या लग्नाचा अल्बम काढला होता, घरी आलेल्या एका पाहुणीला दाखवायला. मी सहज चाळायला घेतला. मला स्वतःला तिथे बघायचं होतं, इतकंच. प्रत्येक फोटोत मी होते आणि कुठेच नव्हते. कुठे पाठमोरी, कुठे अक्षता टाकणाऱ्या कुणाच्या तरी हातामागे. मुहूर्ताच्या फोटोत नवरीच्या खांद्यामागे फक्त एक दिवा दिसतो आणि तो धरलेली चार बोटं. आईने माझ्या हातातून अल्बम घेतला.

“यात तू कुठून सापडणार?” ती म्हणाली. “तू कुठे आली होतीस? तुझा तो क्लास होता ना.”

ती थट्टा करत नव्हती. ती पान उलटून पाहुणीला सांगायला लागली, की त्या दिवशी आमच्या हिने काय केलं माहितेय का.

मी उठले आणि तशीच चालत शाळेकडे गेले. चेहरा बांधला नाही. बांधायला काही नव्हतंच. बारा वाजायला आले होते, टेकरीच्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं, ऊन डोळ्यांत खुपत होतं. गेटपाशी लाकडी खुर्ची होती आणि खुर्चीत सर. फार वाळले होते. मांडीवर वही, हातात पेन्सिल.

मी नमस्कार केला. त्यांनी कोण म्हणून विचारलं. मी माझं नाव सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

“नाही बाळ,” ते शांतपणे म्हणाले. “ती तर सकाळीच आत गेली. ती कधी चुकत नाही.”

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. पहिल्या ओळीत, मदतनीस म्हणून, माझं नाव होतं. पुढे पेन्सिलीने ‘बाग, लाल-काळी’. त्याच्यापुढे रोजच्या खुणा, येतानाची, जातानाची, एकही खाडा नाही. मी मागची पानं उलटली, मागच्या उन्हाळ्याची, त्याच्या मागच्या. सगळीकडे मी हजर होते. मग मी तिचं नाव शोधलं. वरपासून खालपर्यंत, प्रत्येक पानावर. पहिला उन्हाळा सोडला तर ते कुठेच नव्हतं.

तेव्हा मी सरांच्या खुर्चीपाशी उकिडवी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. धारचं लग्न, मागचं दार, गल्ली, दोन ओढण्या, तुम्हाला निंबाखाली नेलं ते कुणी. पत्र कुणाचं होतं. त्यांना किती समजलं देव जाणे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही अडवलं नाही. मग वहीचं नवं पान काढलं, पेन्सिलीचं टोक अंगठ्यावर तपासलं, आणि तिचं नाव काय म्हणालीस ते विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरून ते लिहिलं. मग सवयीने पुढच्या रकान्यावर पेन्सिल टेकवली.

“आणि हिची ओढणी?”

मी तोंड उघडलं. ते नेहमी आपोआप उघडायचं, आणि उत्तर बाहेर यायचं. तीन आठवडे ती माझ्यामागे स्कूटीवर बसली होती, तिच्या ओढणीचं टोक वाऱ्याने माझ्या दंडावर आपटत असायचं. मला तो स्पर्श आठवला. रंग आठवेना. निळी होती का, पिवळी, साधी, फुलांची, काहीच. कितीही डोळे मिटले तरी तिच्या चेहऱ्याभोवती मला माझीच लाल-काळी फुलं दिसत होती.

आत प्रयोगशाळेच्या खिडकीत ती फुलं एकदा हलली आणि कुणाच्या तरी सूक्ष्मदर्शकावर वाकली. सर पेन्सिल टेकवून वाट बघत होते.